वाचकांच्या पत्रांची रोजची जागा काढून घेऊ नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक चौकट आली. येत्या महिन्यापासून वाचकांची पत्रं रोज न छापता फक्त रविवारी छापली जातील आणि कुठलंही पत्र शंभर शब्दांच्या वर नको, असं तीत म्हटलं आहे. कागदाचा भाव, जाहिरातींचा तुटवडा, मोबाइलवर मत मांडणारी नवी पिढी, ही तिन्ही कारणं मी नीट वाचली. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण निर्णय चुकतो आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते का वाटतं हे शंभर शब्दांत मावणारं नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. छापायचं की नाही ते आपण ठरवा, वाचा मात्र पूर्ण.

मी परदेशीपुऱ्यात वाढले. वडील खानदेशातून इंदूरला आले आणि मिलमध्ये साचेवाले झाले. पुढे मी शिक्षिका झाले, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी पाटणीपुऱ्यातल्या एका देवळाच्या ओवरीत कामगारांचा साक्षरता वर्ग घेऊ लागले. तो वर्ग अजून चालू आहे. आता तिथे धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका येतात. त्यामुळे पेपरला पत्र लिहिणं कुणाला सहज जमतं आणि कुणाला त्यासाठी आठवडाभर धीर गोळा करावा लागतो, हे मी जवळून बघत आले आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त ओस्लोत असतो. त्याच्या घराजवळच्या एका रस्त्याला मार्कुस थ्राने याचं नाव आहे. हा कोण, म्हणून मी फोनवर विचारलं, तर म्हणाला, “कामगारांचा पुढारी होता आत्या, पण आधी मास्तर होता.” मास्तर म्हटल्यावर मला राहवेना. त्यानं पाठवलेलं आणि इथे जे हाताला लागलं ते वाचत गेले. आपली चौकट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हाच माणूस.

थ्राने १८१७ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत जन्मला. ओस्लोला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत. घराणं चांगल्यापैकी होतं, पण वडिलांच्या हातून बँकेच्या पैशांची अफरातफर झाली आणि घराची पत धुळीला मिळाली. पोरवयातच मुलाला दुसऱ्यांच्या आधारानं वाढावं लागलं. तरुणपणी तो युरोपात भटकला, फ्रान्समध्ये राहिला. परत आल्यावर योसेफिना बुक हिच्याशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून लिलेहामर गावात शाळा चालवली. पुढे ते मोडूम भागात गेले. तिथे कोबाल्टपासून निळा रंग बनवण्याचा मोठा कारखाना होता. जगभरच्या चिनी मातीच्या भांड्यांवर आणि काचेवर चढणारा तो निळा रंग. त्या वस्तीत हा मास्तर मुलांना शिकवत होता. खाणीत आणि भट्टीवर राबणाऱ्यांची पोरं कशी शाळेत येतात, काय खाऊन येतात आणि कधी यायची बंद होतात, हे मास्तरांइतकं कुणाला कळत नाही. माझ्या वर्गातही मिलमधली एखादी पाळी बंद झाली की दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर ते दिसायचंच. थ्रानेच्या विचारांवर फ्रेंच पुस्तकांचा प्रभाव होता असं अभ्यासक लिहितात, ते असेलच. पण निळ्या रंगाच्या त्या गावातली शाळा त्याच्या आयुष्यातून काढून टाकली तर पुढचा माणूस मला तरी समजत नाही.

मग १८४८ साल आलं. पॅरिसमध्ये क्रांती झाली, युरोपभर व्यापार बसला, नॉर्वेच्या लाकडाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि निळ्या रंगाचा कारखानाही डबघाईला आला. (त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा उघडत होते. दोन्ही टोकांना एकेक मास्तर जोडपं, दोघांनाही पुढे लोकांचा रोष सोसावा लागला. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी ही साथ मला फार मोलाची वाटते.) थ्राने जवळच्या द्रामेन या लाकडाच्या व्यापाराच्या बंदरगावी एका वर्तमानपत्राचा संपादक झाला. काही महिनेच टिकला. गरिबांच्या बाजूनं लिहितो, म्हणून वर्गणीदार बिथरले आणि मालकानं त्याला काढलं.

यानंतर त्यानं जे केलं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. २७ डिसेंबर १८४८ रोजी द्रामेनमध्येच त्यानं पहिली कामगार संघटना उभी केली. सुरुवातीला जेमतेम दीडशेच्या वर माणसं होती. आणि १८४९ च्या मे महिन्यात संघटनेचं स्वतःचं साप्ताहिक काढलं. लोक हे दुसरं पाऊल विसरतात. संघटना काय, पुष्कळ निघतात आणि विरतात. ही विरली नाही, कारण तिला पेपर होता, आणि त्या पेपरात गावोगावच्या शाखांची पत्रं छापून येत.

तिथल्या खेड्यांत भूमिहीनांचा एक मोठा वर्ग होता. जमीनदाराच्या शेतीच्या कडेला त्यांना एक झोपडं आणि जमिनीचा तुकडा मिळे. त्या बदल्यात मालक म्हणेल तेव्हा मालकाच्या शेतावर राबायचं. करार बहुधा तोंडी असे, म्हणजे मालकाच्या मर्जीवर. मर्जी फिरली की बायकापोरांसह घर सोडायचं. मताचा अधिकार अशांना नव्हताच. तो जमीनवाल्यांना, व्यापाऱ्यांना आणि सरकारी अंमलदारांना. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती. चर्चमध्ये दीक्षा घ्यायची तर धर्मपुस्तक वाचता येणं भाग होतं आणि ही दीक्षा १७३६ पासून सक्तीची होती. त्यामुळे गरिबातला गरीब माणूस अक्षरं लावून वाचू शकत होता. लिहिणं मात्र थोड्यांनाच येत होतं. शंभर वर्षं ही माणसं वाचत आली होती आणि वाचलेलं सगळं दुसऱ्या कुणी तरी, वरच्या कुणी तरी लिहिलेलं होतं. आता पहिल्यांदा त्यांच्या दारात असा कागद आला की ज्यात शेजारच्या खोऱ्यातल्या त्यांच्यासारख्याच एका मजुराची तक्रार होती. आपल्या मालकानं जे केलं तेच तिकडच्या मालकानंही केलं, हे छापील अक्षरांत वाचल्यावर माणसाच्या मनात काय उलथापालथ होत असेल! मी ती प्रत्यक्ष बघितली आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

वर्ष-दीड वर्षात ही चळवळ देशभर पसरली. शेकडो शाखा झाल्या आणि सभासद ३०,००० च्या घरात गेले. सगळ्या देशाची वस्ती तेव्हा चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे आजच्या इंदूरच्या निम्म्याहूनही कमी. १८५० च्या मे महिन्यात त्यांनी राजा ऑस्कर पहिला याच्याकडे अर्ज पाठवला. मागण्या काय होत्या बघा. प्रत्येक पुरुषाला मत द्या. धान्यावरची जकात काढा, कारण तिनं भाकरी महाग होते. भूमिहीनांना कराराचं संरक्षण द्या. शाळा सुधारा. सैन्यभरतीत श्रीमंत-गरीब भेद ठेवू नका. अर्जाखाली जवळजवळ १३,००० सह्या होत्या. बायकांच्या मताची मागणी त्यात नव्हती हे मला खटकतं, पण मागण्यांमध्ये आग लावण्यासारखं काही नव्हतं. नोव्हेंबरात राजाचा नकार आला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये राजधानीत शाखांच्या प्रतिनिधींची सभा भरली. नकारामुळे चिडलेले काही जण तिथे क्रांतीची भाषा बोलले. माझ्या मते थ्रानेनं तेव्हा त्यांना ठामपणे आवरायला हवं होतं. तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा झुकत राहिला. सरकारला तेवढं निमित्त पुरलं. जुलै १८५१ मध्ये त्याला पकडलं, पाठोपाठ इतरांनाही, आणि खटल्यात शंभराहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या. त्याचा स्वतःचा अंतिम निकाल लागायलाच १८५५ उजाडलं. चार वर्षं कच्च्या कैदेत आणि वर चार वर्षांची शिक्षा. सुटला तेव्हा १८५८ साल होतं. आणि ज्या वर्षी त्याला पकडलं त्याच १८५१ मध्ये तिथल्या संसदेनं भूमिहीनांसाठी कायदा केला आणि करार लेखी हवा असं ठरवलं! माणूस आत टाकला आणि त्याच्या अर्जातली एक मागणी अर्धीमुर्धी का होईना मान्य केली. आपल्याकडच्या मिलच्या लढ्यांतही असं कितीदा झालंय. पुढारी निलंबित, आणि दोन महिन्यांनी नोटीस बोर्डावर तोच बोनस.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. नॉर्वेचा नाटककार इब्सेन मराठी नाट्यरसिकांना परका नाही. विशीतला हेन्रिक इब्सेन तेव्हा नुकताच राजधानीत आला होता. थ्रानेच्या या चळवळीत तो कामगारांच्या रविवारच्या शाळेत शिकवायचा आणि त्यांच्या साप्ताहिकात लिहायचा. धरपकड झाली तेव्हा पोलिसांनी छापखान्याची झडती घेतली. असं सांगतात की, तिथल्या मुख्य कारागिरानं हस्तलिखितं रद्दी असल्यासारखी जमिनीवर टाकून दिली आणि पोलिसांनी त्याकडे बघितलं नाही. इब्सेन वाचला, त्याचा मित्र आबिल्डगार्ड तुरुंगात गेला. जगाच्या रंगभूमीनं त्या अनाम कारागिराचे किती आभार मानावेत! मी छापखान्यात काम केलेली माणसं ओळखते. कुठला कागद जपायचा आणि कुठला पायाखाली टाकायचा हे त्यांना न सांगता कळतं.

आणि योसेफिना. नवरा तुरुंगात असताना साप्ताहिक तिनं चालवलं. पदरात लहान मुलं, डोक्यावर पोलिसांची नजर, आणि दर आठवड्याला अंक भरायचा. तिच्याबद्दल वाचायला मिळतं ते दोन-चार ओळींत, तेही नवऱ्याच्या चरित्रात. नवरा सुटून आला, फोटोग्राफर म्हणून गावोगाव हिंडून पोट भरू लागला, आणि १८६२ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी थ्रानेनं मुलांना घेऊन देश सोडला आणि शिकागो गाठलं. तिथेही दोन नॉर्वेजियन वर्तमानपत्रं काढली, नाटकं लिहिली, नाटकमंडळी चालवली. म्हातारपणी तो विस्कॉन्सिन राज्यात डॉक्टर मुलाकडे राहिला आणि एप्रिल १८९० मध्ये वारला.

त्याच्या हयातीत त्याची चळवळ मोडली, हे खरंच आहे. तुरुंगात जाताच वर्षा-दोन वर्षांत शाखा बंद पडल्या. पण १८८४ मध्ये छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका कामगारानं, क्रिस्तियान होल्टरमान क्नुडसेननं, राजधानीत पुन्हा कामगारांचा पेपर काढला. १८८७ मध्ये मजूर पक्ष स्थापन झाला. १८९८ मध्ये सगळ्या पुरुषांना मत मिळालं, १९१३ मध्ये बायकांनाही. आणि १९४९ मध्ये, मजूर पक्षाचं सरकार असताना, थ्रानेच्या अस्थी अमेरिकेहून ओस्लोला आणून इब्सेन जिथे आहे त्याच दफनभूमीत ठेवल्या. पहिल्यांदा पेपर, मग पक्ष, मग मत, मग सरकार, असा तो क्रम आहे. कामगारांच्या हातात सगळ्यात आधी आला तो पेपर.

आपल्याकडेही तसंच झालं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र हाती घेतलं, आणि मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला तो १८८४ मध्ये. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. थ्रानेला जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. लोखंड्यांना थ्राने माहीत असण्याचं कारण नाही. पण पेपर, सभा आणि सह्या, ही हत्यारं तीच.

आता इंदूरकडे येते. आपल्या शहरात मालवा, हुकूमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशा मिल होत्या आणि भोंग्यावर घड्याळं लागत. आज अनंत चतुर्दशीला त्या मिलच्या नावानं झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे सजवलेले देखावे, निघतात. मिल बंद पडल्या तरी जुने कामगार वर्गणी काढून रात्रभर दिवे लावून ती मिरवणूक काढतात, आणि आपण सगळे रस्त्यावर उभं राहून बघतो. आपला पेपर तिचे रंगीत फोटो छापतो. ते छापावेतच. पण त्या झांकीच्या ट्रॉलीमागून चालणाऱ्या माणसाचं आयुष्य कुठे छापलं गेलं? हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटला डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी जण गेले. देणं किती होतं ते कोर्टाच्या फायलीत सापडेल. त्या बत्तीस वर्षांत घरात काय शिजलं, कुणाची शाळा सुटली, कुणी कुणाच्या दुकानात पुड्या बांधल्या, हे सापडायचं असेल तर ते जुन्या पेपरांच्या पत्रांच्या सदरातच सापडेल, आणि तेही जे कुणी लिहायचं धाडस केलं तेवढंच.

इंदूरच्या मराठी जगात दोन वस्त्या आहेत, हे आपण सगळे जाणतो आणि फारसं बोलत नाही. एक राजवाडा, रामबागेकडची, होळकरशाहीपासूनची, गाणं-नाटक-व्याख्यानमाला सांभाळणारी. दुसरी मिलच्या आसऱ्यानं आलेली, आमच्यासारखी. पहिल्या वस्तीच्या कार्यक्रमांचं वृत्त आपल्याकडे नेमानं येतं आणि मी ते आवडीनं वाचते. दुसऱ्या वस्तीला आपल्या अंकात शिरायला एकच दार होतं, वाचकांच्या पत्रांचं. तिथे ओळख लागत नव्हती, निमंत्रण लागत नव्हतं, पंधरा पैशांचं पोस्टकार्ड पुरत होतं.

माझ्या वर्गात एक प्रौढ गृहस्थ होते, मिलमध्ये रंगखात्यात. बोटांच्या नखांत रंग कायमचा बसलेला. पगाराच्या वेळी अंगठा उठवायचे. वर्गात अक्षरं घटवायला त्यांना फार वेळ लागला, पण ते चिकाटीनं येत राहिले. लिहिता यायला लागल्यावर त्यांनी स्वतःच्या मनानं पहिलं काही लिहिलं असेल तर ते पेपरला पोस्टकार्ड. चाळीतल्या नळाला पहाटे तिसऱ्या पाळीची माणसं परतायच्या आधीच पाणी जातं, एवढाच मजकूर. मी फक्त पत्ता तपासला. ते छापून आलं. अंक घेऊन ते वर्गात आले, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते गंभीरच. म्हणाले, “बाई, माझ्या नावातला काना गाळलाय. हे दुसऱ्याच माणसाचं नाव झालं. दुरुस्ती छापा असं कसं लिहायचं ते शिकवा.” आणि त्यांनी दुसरं पोस्टकार्ड लिहिलं. दुरुस्तीही छापली गेली, एका ओळीची, पानाच्या तळाशी. ती दोन्ही कात्रणं चाळीतल्या किराणा दुकानाच्या फळीवर खळीनं चिकटवलेली मी कित्येक वर्षं बघितली. पुढच्या काही महिन्यांत त्या चाळीतून आणखी पत्रं गेली, दवाखान्याबद्दल, दिव्याबद्दल, रेशनच्या ज्वारीबद्दल. आधी ही माणसं एकमेकांजवळ कुरकुरत. आता ती एकत्र बसून मजकूर ठरवू लागली. थ्रानेच्या साप्ताहिकाबद्दल वाचताना ती फळी माझ्या डोळ्यांपुढे होती.

मोबाइलवर लोक मत मांडतात, हे आपलं म्हणणं. माझ्या वर्गातल्या बायकांकडेही मोबाइल आहेत. त्या एकमेकींना बोलून पाठवतात, ऐकतात, पुसून टाकतात. ते पुढे कुठे जात नाही. छापलेल्या पत्राला तारीख असते, ते कापून ठेवता येतं, साहेबांच्या टेबलावर ठेवता येतं, कोर्टात दाखवता येतं. आणि रोजच्या जागेबद्दल म्हणाल तर, पाणी मंगळवारी गेलं आणि पत्र रविवारी आलं तर त्याचा उपयोग नाही. त्यातून रविवारच्या पानावर जागा थोडी, म्हणजे निवड होणार, आणि निवडीत सफाईदार लिहिणाऱ्यांचा नंबर लागणार. निवृत्त प्राध्यापक, वकील, आणि माझ्यासारख्या बाया. शंभर शब्दांची अटही आमच्याच सोयीची आहे. थोडक्यात लिहिणं हे शिकलेल्या माणसाला येतं. नवखा माणूस आधी घर सांगतो, मग गाव सांगतो, मग दुखणं, आणि कामाची गोष्ट शेवटी येते. ती कापून काढणं हे संपादकाचं काम आहे. ते आपण करावं.

माझी विनंती अशी आहे. रोजची जागा ठेवा. अर्धा स्तंभ चालेल, चार पत्रांऐवजी एक चालेल, पण रोज. आठवड्यातून एक दिवस ती जागा फक्त हातानं कष्ट करणाऱ्यांसाठी राखा. घरकाम करणाऱ्या, बांधकामावरचे, घरोघर डबे आणि पार्सलं पोचवणारी मुलं, हमाल, जुने मिल कामगार. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगितलेलं दुसऱ्यानं लिहिलं तरी ते पत्र त्यांचंच मानून त्यांच्या नावानं छापा. मराठी मोडकी असेल, मध्येच हिंदी येईल, इंदूरच्या मराठीत ती येतेच. ती फार धुऊन काढू नका. मुद्रितं तपासायला माणूस कमी पडत असेल तर मी येऊन बसेन, मोबदला नको. डोळे अजून चांगले आहेत.

जुन्या मिल कामगारांच्या बाबतीत मात्र उशीर करू नका. ज्यांनी मिल चालू असताना काम केलंय ते आता सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. आपण एक आवाहन छापलंत तर मी नंदानगर, परदेशीपुरा, पाटणीपुऱ्यात घरोघर जाऊन पत्रं लिहून आणीन. ओळखीची घरं आहेत.

सोबत वर्गातल्या बायकांची काही पत्रं जोडली आहेत. काही त्यांनी स्वतः लिहिली आहेत, काही सांगून लिहवली आहेत, कुठली कशी ते प्रत्येकीवर नोंदलं आहे. विषय साधे आहेत. आठवड्याची सुट्टी, आजारपणात कापलेला पगार, सकाळची बस, आणि एकीनं मुलीच्या शाळेच्या दाखल्याबद्दल लिहिलंय. दोघींनी नाव छापू नका असं सांगितलं आहे, कारण त्या ज्या घरी कामाला जातात तिथे हाच पेपर येतो. त्यांची नावं मी वेगळ्या चिठ्ठीत आपल्या माहितीसाठी दिली आहेत. ती चिठ्ठी वाचून झाल्यावर कृपया फाडून टाकावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि जुनी वाचक
परदेशीपुरा, इंदूर